बुटांचे बिल्ले

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही, न विचारता, सांगते. कॅनडातल्या व्हिटबी गावातल्या त्या जपानी म्हाताऱ्या नाट्यनिर्मात्यांनाही पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग खोकी नीट लागतील."

त्यांना सगळे 'सेन्सेई' म्हणत, आपण गुरुजी म्हणतो तसं. तरुणपणी ते इकडे आले. आठवडाभर रोपवाटिकेत कुंड्या उचलायच्या आणि सुटीच्या दिवशी चर्चच्या बेसमेंटमध्ये जपानी नाटकं उभी करायची, असं त्यांनी आयुष्य काढलं. गुडघे गेल्यावर नाटकं थांबली, मग त्यांनी त्याच नाटकांचा इतिहास लिहायला घेतला. आता घर विकून ते कॉन्डोत, म्हणजे लहानशा फ्लॅटमध्ये, चालले होते. कागदपत्रं विद्यापीठाला द्यायची होती. त्यांची यादी करायला मी दर शनिवारी जायचे.

प्रत्येक प्रयोगाचं एक पाकीट. आत जाहिरात, दोन-चार फोटो आणि मूठभर पुठ्ठ्याचे तुकडे. तुकड्यावर नंबर, एक भोक, भोकात सुतळी. हिवाळ्यात प्रेक्षक बर्फाचे बूट दाराशी काढायचे आणि त्या जागेच्या नंबराचा बिल्ला घ्यायचे. जाताना बिल्ला परत, बूट परत. आलेले बिल्ले सेन्सेई जपून ठेवायचे.

"हे कशाला ठेवलंत?" मी विचारलं.

"नट कोण होते ते जाहिरातीवर असतं. बघायला किती आले, ते कुठे असतं?"

मला हे पटायला वेळ लागला. इतिहास म्हणजे स्टेजवरच्यांचा, असंच मी परीक्षेत लिहीत आले होते. हा माणूस स्टेजकडे पाठ करून बुटांचे बिल्ले मोजत होता. एकेक पाकीट उघडायचं, मोजायचं, आकडा वहीत लिहायचा. फक्त त्यांच्या अगदी पहिल्या प्रयोगाचं पाकीट त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

"हॉल भरला होता असं मी आयुष्यभर सांगत आलोय," ते म्हणाले. "खरा आकडा बघायला हिंमत लागते."

पुढच्या शनिवारी ते डॉक्टरांकडे गेले आणि मी कामाला लागले. अजून न मोजलेल्या पाकिटांतले बिल्ले बाहेर काढले आणि नंबराप्रमाणे लावले. एक नंबरचे सगळे एकत्र, दोन नंबरचे एकत्र, प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड. टेबल असं दिसत होतं की फोटो काढावा. काढलाही.

सेन्सेई आले. त्यांनी गठ्ठे बघितले, रिकामी पाकिटं बघितली.

"पहिल्या प्रयोगाचंसुद्धा?"

"हो, सगळी!" मी अजून कौतुकाची वाट बघत होते.

त्यांनी चष्मा काढला. "मी चहा करतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: कोणता बिल्ला कोणत्या प्रयोगाचा, हे आता कळायला मार्ग नव्हता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. विद्यापीठाचे लोक बुधवारी येणार होते.

रविवारी सकाळी गावी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. माझे वडील चौथी शिकलेले. आमच्या देवळाबाहेर त्यांनी जन्मभर चपला सांभाळल्या, त्यावर मी शिकले. सगळं ऐकून ते आधी पोट धरून हसले.

"कॅनडात जाऊन शेवटी चपलाच मोजतेस होय गं!"

"अण्णा, चपला नाहीत, बूट. आणि थट्टा पुरे."

"मग ऐक. नंबर बघत बसू नको. नंबर काय, रोज एकापासनंच सुरू होतो. बिल्ला उलटा कर. एका दिवशीचे बिल्ले एकाच पुठ्ठ्यातनं कापतो माणूस. मागचं चित्र जुळवून बघ."

मी बर्फ तुडवत तशीच सेन्सेईंकडे गेले. अण्णांचा निरोप सांगितला. त्यांनी टेबलावर पांढरी चादर अंथरली. आम्ही बिल्ले उलटे करत गेलो. कुठे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा कोंबडा, कुठे कॅलेंडरवरचा तलाव. कापलेल्या कडा एकमेकींना लागत होत्या. दुपारी एक हिरवं पान सापडलं, मग अर्धं संत्रं, आणि सेन्सेईंचा हात थांबला.

"हे संत्र्यांचं खोकं. ख्रिसमसला जपानहून संत्री यायची. पहिल्या प्रयोगाचे बिल्ले मीच कापले होते."

संत्रं जवळजवळ पूर्ण झालं. आम्ही बिल्ले सुलटे करून मोजले. शेवटचा नंबर सव्वीस, हातात तेवीस. नऊ, चौदा आणि वीस नव्हते.

"सव्वीस," सेन्सेई हळूच म्हणाले आणि तो आकडा वहीत लिहिला. "म्हणजे हॉल नव्हता भरला." मग म्हणाले, "पण ते तिघं बिल्ला न देता गेले? बर्फात, बुटांशिवाय? इतकं वाईट होतं नाटक?" आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला.

त्या तिघांचं काय झालं हे मला अजूनही कळलेलं नाही. बिल्ले खिशात राहिले असतील, की आठवण म्हणून मुद्दाम नेले असतील? ग्रोसरीच्या रांगेत म्हातारी जपानी माणसं दिसली की माझी नजर आधी त्यांच्या बुटांवर जाते.

काही बिल्ले शेवटपर्यंत कुठल्याच चित्रात बसले नाहीत. मी म्हटलं, "हे यादीत नको लिहायला. वाईट दिसेल."

सेन्सेईंनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "मी सव्वीस लिहिलं ना?"

मग मी लिहिलं, 'हे बिल्ले कोणत्या प्रयोगांचे ते सांगता येत नाही. यादी करणारीने ते एकत्र केले.' आणि खाली सही केली, डिग्रीसकट.