सहावं ताट

जगातली सगळी भांडणं माणसं चुकीच्या क्रमानं बसल्यामुळे होतात, असं माझ्या थोरल्या भावाचं ठाम मत आहे. आमचे दादा वाईला गणिताचे मास्तर होते. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, दादांनी आकडे धरले. परसातल्या आंब्याच्या प्रत्येक बेचक्यावर आणि शेंड्यावर त्यांनी खडूनं एकापासून सलग, प्रत्येकी एकदाच, आकडा घातला. फांदीच्या दोन टोकांच्या आकड्यांतला फरक काढायचा आणि झाडभर तो फरक पुन्हा येऊ द्यायचा नाही, ही अट. महिनाभर मुक्काम शिडीवर! झाडावर आकडे दिसले की रस्ता रुंद होणार, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. शेजारी धावत आले. “आवं गुरुजी, आंबा तोडणार हायत व्हय?”

“न्हाई रं,” दादा वरूनच म्हणाले, “कुठलंबी झाड असं बसतंच का, हे अजून जगात कुणाला सांगता आलं न्हाई. म्हटलं, ह्यो तरी बसवून बघू.”

दर मे महिन्यात आम्ही सहा भावंडं सहा दिवस दादांकडे जमतो. पंगतीत कुणी कुठं बसायचं याची चिठ्ठी दादांच्या खिशात. वयाप्रमाणे प्रत्येकाला एक ते सहा आकडा; पहिल्या दिवशी एक, सहा, दोन, पाच, तीन, चार. मग रोज प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा, सहानंतर पुन्हा एक. सहा दिवसांत प्रत्येकाच्या उजव्या हाताला बाकीचे पाचही जण बरोबर एकेकदा येतात! मी चारदा पडताळून पाहिलं आणि शेवटी मनातल्या मनात हात जोडले. बापूंच्या मुलाच्या लग्नात नानांना फेटा बांधायचा राहिला, तेव्हापासून आमचे हे दोघे भाऊ तीन वर्षं बोलत नव्हते. चिठ्ठीच्या पहिल्याच वर्षी, दुसऱ्या दिवशी नेमके शेजारी आले.

“जागा बदल की दादा,” नाना कुरकुरले.

“तीस जोड्यांचं गणित हाय. बस गप.”

तिसऱ्या भाकरीला बापूंनी तोंड उघडलं, “ठेचा सरकव.” आमची मोठी बहीण अक्का पदराआड हसली. ती म्हणायची, “चिठ्ठी हाय म्हणून आपण एकमेकांची तोंडं बघतोय.”

यंदा अक्का नव्हती. माघात गेली. पाचच जण जमलो, आणि दादा सकाळपासून वही घेऊन बसलेले.

“पाचाला बसत न्हाई रं,” चष्मा काढत ते मला म्हणाले. “कसंबी मांड, बसतच न्हाई. तसं सिद्धच झालंय.”

मला धसकाच बसला. चिठ्ठीच नसेल तर पुढच्या वर्षी कोण कशाला येईल? नाना उठले, सहावा पाट मांडला आणि त्यापुढं ताट ठेवलं. बापूंनी त्यात भाकरी वाढली. दादांनी ओळ मोजली, पुन्हा मोजली, आणि खिशातून जुनीच चिठ्ठी काढली.

“आता बसतं,” ते म्हणाले.

चिठ्ठीप्रमाणे पहिल्या दिवशी अक्काशेजारी मी होतो. ठेचा मी तिच्या बाजूला सरकवून ठेवला.