साडेतीन टप्पे

आमच्या दाजींना किलोमीटर कळत नसे, टप्पा कळे. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची उभी हयात गेली आणि एसटीचं तिकीट टप्प्यावर निघतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. तेव्हा जगातली कुठलीही गोष्ट दाजी टप्प्यांत सांगत. बाजार अर्ध्या टप्प्यावर, सासरवाडी सात टप्प्यांवर. कुणी आजारी असलं की त्याच्या खाटेशी बसून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "आता शेवटचा टप्पा म्हणायचा." माणसांनाही तेच माप. माझ्या एखाद्या मित्राचं नाव निघालं की खालचा ओठ पुढे काढून म्हणत, "तो व्हय? एका टप्प्याचा गडी बी न्हाई तो." स्वतः दहावी नापास. इतका बिनबुडाचा आत्मविश्वास मी पुढे फार थोड्या लोकांत पाहिला, आणि ते सगळे निवडून आलेले होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर केदारखेड्याला, ड्युटी भोकरदन-जालना गाडीवर. बी.ए. होऊन दोन वर्षं मी रिकामा होतो आणि घरी वडिलांचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून ताईकडे येऊन राहिलो होतो. म्हणजे दाजींच्या घरी दाजींचं खात होतो आणि मनातल्या मनात दाजींनाच नावं ठेवत होतो. हे मला तेव्हा अजिबात विचित्र वाटत नसे. पदवी झालेल्या माणसाला असलं काही वाटत नाही.

तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा त्यांच्या हातातून घरीही सुटत नसे. गाडीत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. घरात तेच. जेवताना ताटाच्या कडेवर चिमट्याची एक टकटक झाली की ताईनं वाढायचं थांबायचं, दोन झाल्या की आणखी भाकरी. पाहुणे बसलेले असले तरी हेच. मला लाज वाटायची. ताईला मात्र त्यात काही वाटत नसे, उलट म्हणायची, "बरंय की, त्यांचं डोकं खायला नको." मी एकदा त्यांना म्हटलं, दाजी, तोंडानं सांगितलं तर झिजतं का? त्यावर त्यांनी मला एक टकटक दिली.

त्या वर्षी तालुक्यात एका संस्थेची नवी शाळा निघत होती. अध्यक्षांना खेळाचा मास्तर हवा होता. कॉलेजात मी बरा पळायचो, हे त्यांच्या कानावर होतं. त्यांनी मला बोलावून एकच अट घातली. पुण्याला हिवाळ्यात मोठी मॅरेथॉन असते, बेचाळीस किलोमीटरची. ती पुरी पळाल्याचं सर्टिफिकेट आणायचं. "नंबरबिंबर काही नको. नुसती पुरी करा आणि जूनमध्ये ऑर्डर घेऊन जा." पाच तासांच्या आत जो पोचेल त्याला सर्टिफिकेट मिळत होतं. बस, एवढंच. पाच तासांत बेचाळीस किलोमीटर, आणि जन्मभराची नोकरी. मी घरी येऊन सांगितलं आणि ताई देवापुढे साखर ठेवायला उठली, तेवढ्यात दाजी म्हणाले, "मी लावतो तयारी."

हा माणूस घरून फाट्यापर्यंत, जेमतेम दोन शेतं ओलांडायची, तर मोपेडवर जायचा. त्यानं मला पळायला शिकवायचं. पण नाही म्हणायची सोय नव्हती, भाकरी त्यांची होती. त्यांचं शास्त्र असं, "आधी अर्धी पळायची. अर्धी बराबर झाली की पुरीचं काय, परतीचं तिकीट. इंजन बी अर्ध्या रस्त्याला गरम होतंय, मंग आपलं आपलं चालतंय." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, दर रविवारी हे मॅरेथॉन पळून येतात. पुण्याच्या आधी महिनाभर अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, आपल्याच रस्त्यावर पळायची असं ठरलं.

रस्ता त्यांनी ओट्यावर बसून मोजला. जागचे हललेही नाहीत. डोळे मिटले, चिमटा मांडीवर आपटत चार थांबे पुटपुटले आणि म्हणाले, "फाट्यापासून भोकरदनचा नाका, तिथून परत फिरून नदीच्या पुलापस्तोर. साडेतीन टप्पे. बिलकुल एकवीस. लिहून घ्या." आता तिकिटाची रीत अशी, की नव्या टप्प्यात तुम्ही चार पावलं गेलात तरी तिकीट पुऱ्या टप्प्याचं. एसटीचं त्यात काही चुकत नाही. यावर मॅरेथॉन पळा, असं एसटीनं कधी कुणाला सांगितलेलं नाही. पण दाजींच्या डोक्यात तीस वर्षांत तो जास्तीचा रस्ता खरोखरच तयार झालेला होता. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड होते. काही बाभळीत बुडालेले, काहींवर निवडणुकीतली नावं रंगवलेली, तरी होते. मी भूगोल घेऊन बी.ए. झालेला माणूस, एकदाही वाकून बघितलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी पळालो. दोन्ही अंगाला कापूस फुटलेला, हवा गार. मागून मोपेडवर दाजी, गळ्यात मफलर, मोपेडच्या हँडलवर चिमट्यानं टकटक, टकटक. मी जरा कमी पडलो की आवाज वाढायचा. नाक्यावर चहाची टपरी नुकती उघडत होती, तिथल्या लोकांना हात करून ते ओरडले, "पाव्हणं हायेत आपले, पुण्याला चाललेत." जसा काही मी तिथूनच पुण्याला जाणार होतो. पुलावर पोचलो तेव्हा त्यांनी चावीचं घड्याळ कानाला लावून चालू आहे की बंद पडलं ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मोपेड तशीच रस्त्यात आडवी टाकून खाली बसले. एक तास बारा मिनिटं. "पाव्हणं," ते म्हणाले, "एकवीस किलोमीटर एवढ्या टायमात पळणारे देशात बोटावर मोजायचे." हे त्यांनी भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. दुर्दैवानं ते खरं होतं.

त्यानंतर तालुक्यात जो कुणी त्या गाडीत चढला त्याला तिकिटाबरोबर माझी वेळ मिळाली. जालन्याला औषध आणायला निघालेल्या म्हाताऱ्यांना, माहेरी निघालेल्या बायकांना, कॉलेजच्या पोरांना. "एक तास बारा. आमचे पाव्हणं. सरका जरा पुढं." पंधरा दिवसांत भोकरदनच्या स्टँडवर लोक मला वळून बघायला लागले. निघायच्या दिवशी तिथंच नारळ, हार, दोन भाषणं झाली. नंबर कितवा आणणार, एवढाच प्रश्न उरला होता. नुसती पुरी करायची आहे ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही, माझ्याही नाही. दाजींच्या बढाया मला शिसारी आणत, असं मी म्हणायचो. हार मात्र मी घातला, आणि तो मला आवडला.

पुण्याला दाजी रजा काढून बरोबर आले. मी सुरुवातीलाच पुढच्या पळणाऱ्यांत घुसलो, एक तास बाराचा माणूस मागे कसा राहील. दोन किलोमीटरांत ते लोक दिसेनासे झाले. अर्ध्यावर मोठं घड्याळ लावलेलं होतं, त्यात एक तास चौतीस मिनिटं झालेली. घड्याळाखाली दाजी उभे, मफलरसकट. माझ्या बरोबरीनं चार पावलं धावले आणि दम लागून म्हणाले, "यांनी रस्ता लांबवलाय, पाव्हणं. आपला बराबर हाये." आजूबाजूचे हसले. मला तिथंच त्यांचा गळा दाबावासा वाटला. तिसाव्या किलोमीटरपाशी मी फुटपाथवर बसलो. पोटरी धरली म्हणून सांगितलं. दंडाला स्वयंसेवकांचा पट्टा लावलेली एक मुलगी मदतीला आली, तिनं मला तंबूत नेलं, पाणी दिलं, माझा नंबर खोडला. संपलं.

परत आल्यावर चार दिवसांनी मी एका मित्राची मोटारसायकल मागून घेतली, काटा चालू असलेली, आणि फाट्यापासून नाका, नाक्यापासून पूल मोजलं. साडेसोळा. दोनदा मोजलं, साडेसोळाच. घरी आलो तेव्हा दाजी अंगणात पाय धूत होते. शेजारचे दोघेतिघे बसलेले होते, ते आहेत हे बघूनच मी सुरू केलं. म्हटलं, जन्मात कधी पायी चालला नाहीत आणि दुसऱ्याला रस्ता सांगता. तुमच्या टप्प्यांपायी माझी नोकरी गेली. तुम्हाला तिकिटं फाडण्यापलीकडे अक्कल नाही, ती तरी कशी फाडता देव जाणे. ताई दारात उभी राहून रडत होती. दाजी म्हणाले, "त्या रस्त्याचं तीस वर्षं मी तेवढंच तिकीट फाडून राह्यलो, पाव्हणं." आणि पाय पुसून आत गेले.

जूनमध्ये ती ऑर्डर दुसऱ्याला मिळाली. मी जालन्याला बियाण्याच्या एका दुकानात लागलो आणि अजून तिथंच आहे. दाजींचं नाव निघालं की मी ही सगळी हकिकत सांगायचो, त्यांच्या टकटकीची नक्कल करून, आणि लोक पोट धरून हसायचे. ताईनं तर त्यांना सुखाचा घास खाऊ दिला नाही. भाजी खारट झाल्याचं त्यांनी सांगितलं तरी म्हणायची, "तुम्ही नका सांगू, तुमच्या सांगण्यानं माझ्या भावाचं वाटोळं झालं." ते ऐकून घेत. टप्पा हा शब्द मात्र त्यांच्या तोंडातून कायमचा गेला. कुणी अंतर विचारलं तर म्हणत, "बोर्डावर लिहिलंय बघा." मला त्याचा फार आनंद व्हायचा, तो मी लपवतही नसे.

त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी ताईनं मला जालन्याहून त्यांच्या शेवटच्या गाडीनं यायला सांगितलं. दुपारची गाडी, राजूरला बरीच रिकामी झाली. ते माझ्या शेजारी येऊन बसले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाव्हणं, पुण्याला तुमची पोटरी कोणती धरली होती?"

"उजवी," मी म्हणालो.

"त्या पोरीला डावी दाखवली होती तुम्ही."

ते खाली मान घालून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगत होते. "अर्ध्यावरून मी रिक्षा करून पुढं आल्तो. रस्त्याच्या पल्याड उभा होतो. म्हटलं, गडी थकला असंल, दोन शब्द बोलावं. तर तुम्ही बसले. मंग तंबूतून निघाले ते चांगले झपाझप चालत गेले. मी त्या पोरीला जाऊन विचारलं. ती म्हणली, मी त्यांना सांगितलं की अडीच तास बाकी हायेत, बारा किलोमीटर राह्यलेत, चालत गेले तरी सर्टिफिकेट मिळतंय. न्हाई म्हणले ते."

खरं होतं. त्या मुलीनं हात जोडल्यासारखं करून सांगितलं होतं. पण एक तास बारावाला माणूस सगळ्यांच्या मागून, म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर रखडत पोचला, हे मला स्टँडवर कुणाला सांगायचं नव्हतं. पोटरी धरली, हे सांगता येत होतं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? माप तर माझं चुकलंच होतं." पुढे कुणीतरी हात केला, गाडी थांबली, आणि ते तिकीट द्यायला उठले.

पुढे दोन वर्षांनी ते गेले. तेरवीला माणसं बरीच होती, अर्धी त्यांच्या गाडीतली. मी पंगतीत बसलो होतो. ताई वाढता वाढता माझ्यापाशी थांबली. "संजू," ती म्हणाली, "यांच्यापायी तुझी मास्तरकी गेली, मला म्हाईत हाये. पण मनानं वाईट नव्हते रे ते. आता तेवढं माफ कर त्यांना." आजूबाजूचे जेवायचे थांबून माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "केलं, ताई."

तिला बरं वाटलं.