आईंनी थुंकलेलं मीठ

ज्या आठवड्यात आई मला ओळखेनाशा झाल्या, त्या आठवड्यात माझी प्रार्थनाही ओठांवरच थांबत होती. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वटार गावातल्या आमच्या घरी त्या भिंतीकडे बघून वारलेल्या सासऱ्यांशी बोलत, मध्येच ओरडत. जवळच्या डॉक्टरांनी वयाचं म्हणून झोपेची गोळी दिली. दिराने आमच्या ख्रिस्ती देवळातून भूतबाधेवरचं आशीर्वादित मीठ आणून त्यांच्या जिभेवर ठेवलं, तर त्यांनी ते थुंकलं. "नको! मीठ नको!"

"बघितलं ना, वहिनी? भूतच आहे, आता तरी पटतंय?" दीर म्हणाला.

मला पटत नव्हतं. औषधांच्या वेळा, पाहुण्यांची जेवणं, सगळं फ्रिजवर लिहून ठेवणारी मी बाई. भूत काढण्याचं प्रशिक्षण घेऊन नुकतेच परतलेले तरुण फादर दिराने बोलावले, तेव्हा वाटलं, शिकलेलं वापरून बघायला यांना आमच्याच आई सापडल्या. त्यांना एकट्याने खोलीत जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवूनच ठेवलं होतं.

फादरांनी सोबत आणलेली प्रार्थनेच्या सामानाची पिशवी उघडलीच नाही. आईंच्या सुजलेल्या पावलांकडे आणि उशाशी ठेवलेल्या गोळ्यांकडे बघत राहिले.

"फादर, आशीर्वादित मीठसुद्धा सोसत नाही तिला," दीर म्हणाला.

"साधं मीठ सोसतं का?"

दिराने माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे होतं, ते मी सांगून टाकलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुणी मांस सोडतं, कुणी गोड. आईंनी राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासाच्या पहिल्याच दिवसापासून, मीठ सोडलं होतं आणि मी इमानाने त्यांची पेज-भाजी अळणी काढत होते. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालूच होती. मीठ थुंकताना आई भुताला नव्हे, आपल्या व्रताला जागत होत्या.

"आम्हाला प्रशिक्षणात आधी शंका घ्यायलाच शिकवतात," फादर म्हणाले. "सैतान थांबेल, आजार थांबणार नाही. रिक्षा बोलवा." रिक्षा येईपर्यंत त्यांनी आईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

आईंच्या रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं हॉस्पिटलात सांगितलं. उपचारांनी त्या हळूहळू शुद्धीवर आल्या. फादरांना बघून म्हणाल्या, "हा कोन?"

"फादर आहेत. तुमच्यातलं भूत काढायला आलेत," मी म्हटलं.

"माझ्यात भूत? ही सून राहू देईल त्याला घरात?"

फादर खो खो हसले.

मिठाचं त्यांना नेमकं कसं सुचलं, हे मी नंतर विचारलं. "सुचलं खरं," एवढंच म्हणाले. पुढे मी खोदलं नाही. संशयी मी आहे, तशीच राहीन. देवाने माझ्याकडे धाडला तोही संशयी माणूसच. पण त्या दिवशी रिक्षात आईंचं डोकं मांडीवर घेतल्यावर माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तेव्हा तोंडून आपोआप निघालं, "बापा, आता तू बघ." त्याने बघितलं. आई आज मागच्या दारी बसून वालाच्या शेंगा सोलताहेत.