सिस्टरांचा घरचा नाताळ

सख्खी लेकसुद्धा त्यांना चेष्टेने ‘सिस्टर’ म्हणायची, तिथे बाकीच्यांचं काय! प्रसूती वॉर्डात त्यांची उभी हयात गेली. नाताळची ड्यूटी तर त्या दर वर्षी आपणहून मागून घ्यायच्या. “प्रभू जन्मला त्या दिवशी बाळंतिणीपाशी नाही थांबायचं, तर कुठे?” असं म्हणाल्या की कुणाची पुढे बोलायची टाप नसे.

यंदा त्या निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेलेला, म्हणून लेकीकडे राहायला आल्या. डिसेंबर लागला आणि लेकीने घर डोक्यावर घेतलं. माळा, दिवे, छताला टेकणारं झाड, त्याखाली भेटवस्तूंच्या खोक्यांची चळत. शिडी धरून धरून जावई मेटाकुटीला आला. नात रोज खोकी हलवून आत काय असेल याचा अंदाज बांधायची. सिस्टरांना मात्र चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ज्याचा वाढदिवस, त्याचं नावच कुणी काढत नव्हतं.

एका संध्याकाळी भांडी विसळताना त्यांनी विषय काढला. “यंदा हे सगळं नको करूया का गं? सकाळी मिळून प्रभूच्या जन्माचा अध्याय वाचू, प्रार्थना करू. मग त्या दिवशी जन्मलेल्या बाळांना टोपडी देऊन येऊ. मी विणतेय.”

लेकीने नळ बंद केला. “सगळं म्हणजे?”

“हेच. झाड, खोकी. यात देवाचं काय आहे?”

“देवाचं नसेल. माझं आहे.” लेकीचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. “पहिली माळ मी शाळेत असताना केली, आई. वर्तमानपत्राची. तू ड्यूटीवर, बाबा खुर्चीत पेंगलेले. म्हटलं, तू दारातून आलीस की वर बघशील.”

“मग?”

“मग काय! चपला काढल्यास आणि झोपलीस. पुढच्या वर्षी मी आणखी माळा केल्या. मग दिवे. मग झाड. तू बघेपर्यंत वाढवतच गेले.”

सिस्टरांनी खूप आठवून पाहिलं. त्या वर्षांतली जुळी आठवली, पायाळू आठवलं, न रडलेलं एक बाळही आठवलं. माळ काही आठवेना. “मला आठवत नाही गं,” एवढंच त्या म्हणाल्या. लेक ओल्या हातांनीच आत निघून गेली.

पुढे काही दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. मग एका दुपारी लेकच शेजारी येऊन बसली.

“टोपड्याला गोंडा लावू?”

“नको. बाळ तोंडात घालतं.”

“अध्याय कोण वाचणार?”

“तू वाच. आणि झाड राहू दे. मला बघायचंय.”

“मग खोकी तरी परत करते.”

“एक ठेवा!” आतून नात ओरडली.

नाताळच्या सकाळी लेकीने वाचलं. उतारशाळेत जागा नव्हती आणि बाळाला गव्हाणीत निजवलं, इथवर आल्यावर नातीने विचारलं, “मग त्याच्या आईजवळ बाई कुणीच नव्हती?”

“शास्त्रात सांगितलेलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. मग जरा थांबून, “मला आपलं वाटायचं, मी असते तर...”

लेकीने पुस्तकातून मान वर करून आईकडे पाहिलं. मग पुढचं वाचलं.

सिस्टरांच्या जुन्या इस्पितळात वॉर्डाच्या दाराशी नवी नर्स होती. “आत नाही सोडता येणार, आजी,” तिने गोडीने सांगितलं आणि टोपडी घेऊन ती आत गेली. इतक्यात आतून कोवळं रडणं ऐकू आलं. सिस्टरांनी नकळत बाह्या वर सारल्या होत्या. त्या तशाच दाराशी उभ्या राहिल्या.

“जावंसं वाटतं?” लेकीने विचारलं.

“वाटतं. आणि तेव्हा घरीही असायला हवं होतं असं वाटतं. दोन्ही वाटतं.”

लेकीने त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतःही टेकली. पलीकडे नातीने भुकेचा धोशा लावला होता, जावई तिला कसंबसं थोपवत होता. दोघींपैकी कुणालाच उठावंसं वाटेना. आत बाळ रडतच होतं.