एकच भाकर

"उचल आधी ती भाकर. मेजावर ठेवतात का असलं काही?"

पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी, माझ्या मायला असं म्हणाल्या, भरल्या चर्चमध्ये. मायनं घाबरून भाकर उचलली आणि पदराखाली घेतली. चोरी केल्यासारखी. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

निजामाचं राज्य होतं. येडशीच्या आसपास मिशन दोन. एक डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारं, दुसरं पाण्यात बुडवून काढणारं. देव एक, पण एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नसत. त्या साली दोन्हीकडच्या गोऱ्या मिशनरी साहेबांनी ठरवलं, जानेवारीत एकत्र बसून ऐक्याची प्रार्थना करायची. आमच्या महारवाड्यात उपदेशक निरोप घेऊन आला. "आवंदा समद्यांनी मिळून एकच भाकर मोडायची हाय. या."

येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये पाव मोडून वाटतात, ते प्रभुभोजन; आमच्या वाड्यात त्याला खरोखरची भाकरच मोडत. पाव आणणार कुठून? मायला वाटलं, भाकर न्यायची म्हणजे आपणच न्यायला पाहिजे. ती पहाटे डोक्यावरून न्हाली. शाळू दळला. तव्याएवढी भाकर थापली, धुतलेल्या धडप्यात बांधली आणि चार कोस डोक्यावर नेली. वाटेत मी विचारलं, "माय, आपली भाकर समदे खातील?"

"खातील की. येशूच्या नावाची हाय ती."

मेजावर सोलापूरहून आणलेला पाव होता. मायनं त्याच्या शेजारी भाकर ठेवली आणि पाळकीणबाई धावून आल्या. त्यांचे आजोबा वाणी होते. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, पण त्या पाण्यानं जात काही धुतली गेली नव्हती.

माय म्हणाली, "बाई, एकच भाकर मोडायची म्हनून निरोप व्हता."

बाई हळूच म्हणाल्या, "अगं, त्या दुसऱ्या मिशनची माणसं तुमच्या हातचं खायची नाहीत. आजच्या दिवशी फूट नको."

फूट नको! आमची भाकर म्हणजे फूट.

आम्ही मागं, दाराजवळ बसलो. पुढं दोन साहेब शेजारी शेजारी गुडघे टेकून. "हे बापा, आम्हा सर्वांना एक कर." सगळे म्हणाले, आमेन. मायसुद्धा म्हणाली. भाकर मांडीवर, डोळ्यांतून पाणी, आणि तोंडात आमेन. मला तिचाही राग आला. त्या रागाची आजही लाज वाटते.

उपदेशकानं मला कोपरानं ढोसलं. "पोरी, आमेन म्हन."

"न्हाय म्हननार. आमची भाकर मोडली न्हाय."

पावाची ताटली फिरत फिरत शेवटी आमच्याकडं आली. मी हात पुढं केला नाही.

परतताना माय एका बांधावर बसली. तिनं भाकर मोडली, अर्धी मला दिली. वाळून कडक झाली होती. आम्ही दोघी नुसत्याच चावत बसलो. ती एवढंच म्हणाली, "मीठ जरा कमी पडलं गं." मला हुंदका आवरला नाही.

माय गेली. पुढं दोन्ही मिशनांची एक पाटी झाली, दानाची एक पेटी झाली. ऐक्याची प्रार्थना दर जानेवारीला होते आणि मी जाते. घरून भाकर थापून नेते, मेजावर पावाशेजारी ठेवते. कुणीतरी गोड बोलून ती खिडकीत सरकवतं. मी उठते, पुन्हा मेजावर आणून ठेवते. आता माझे केस पिकलेत, पण हात थकलेले नाहीत.

ती भाकर त्या मेजावर मोडेपर्यंत माझ्या तोंडून आमेन निघणार नाही.