आतली कड

लांबच्या प्रवासाला निघण्याआधी माझी आत्या गाडीच्या चाकाशी उकिडवी बसते आणि टायरवरून तळहात फिरवते. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. आज आम्ही घाट उतरून कोकणात जाणार होतो. "अगं, टायर गेल्या वर्षीच बदललेत," बाबा म्हणाले. दिसतही होते नव्यासारखेच. आत्याचा हात मात्र आतल्या कडेशी थांबला. तिथली नक्षी पार गुळगुळीत झाली होती.

"चाक तिरकं चालतंय, दादा. अलाइनमेंट करून घेऊ, मगच निघू."

मला हा हात फार आवडतो. कुणाची नजर जात नाही तिथली झीज तो शोधतो, आणि दोष कुणालाच देत नाही. भार कुठे पडतोय, एवढंच विचारतो.

काळे झालेले हात धुवायला ती आत निघाली आणि दाराशी थबकली. बाबांची उजवी चप्पल तिनं उचलून उलटी केली. टाच एकाच बाजूनं झिजली होती. ती चप्पल मी रोज ओलांडून घरात येते.

"गुडघा कधीपासून दुखतोय, दादा?"

बाबांनी खिशातली गाडीची किल्ली काढली आणि तिच्या काळ्या तळहातावर ठेवली.