आक्काच्या दारात उद्या पाहुणे येणारच

आक्का गेली, आणि तासाभरात मला फोनवर मेसेज आला: 'सो सॉरी. उद्याच्या ग्रुपसाठी दुसरी आजी अरेंज होईल का?'

रडू नंतर आलं, राग आधी आला.

आक्का म्हणजे नात्याने माझी मावशी, आईची मावसबहीण. पण सगळं बेळगुंदी गाव तिला आक्काच म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

बाहेरगावच्या लोकांना मी बेळगाव दाखवते, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सकाळी खडेबाजार, दुपारी बेळगुंदीत आक्काच्या घरी जेवण, मग तिच्याबरोबर शेतात. लोक खडेबाजार विसरायचे, आक्काला विसरायचे नाहीत.

ग्रुप पाठवते पुण्याची एक टूर कंपनी. त्यांचा मॅनेजर एकदा स्वतः येऊन आक्काला म्हणाला, "आजी, तुम्ही नऊवारी आणि नथ घातलीत तर ऑथेंटिक वाटेल."

आक्का साध्या साडीत तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "नथ लग्नात घालत्यात. माजं काय दुसरं लगीन लावतोस व्हय रं?"

विषय तिथेच संपला.

खरी कसोटी लागली ती पहिल्याच आषाढात.

आमच्याकडे आषाढात गावदेवीसाठी वार पाळतात. पंच ठरवतील त्या दिवशी गावातलं कोणीही शेतात पाऊल ठेवत नाही. औत नाही, खुरपं नाही, चिखल नाही. अख्खं गाव घरी.

त्या वर्षी पंचांनी नेमका तो मंगळवार धरला, ज्या दिवशी माझा ग्रुप भातलावणी 'एक्सपिरियन्स' करायला येणार होता. मला कळलं तेव्हा गाडी निपाणीच्या पुढे आली होती.

मॅनेजरला फोन केला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "दोन माणसं चिखलात उतरवा. फोटोपुरतं. अर्धा तास."

मी तसंच आक्काला सांगितलं. खरं सांगते, मला वाटत होतं तिने हो म्हणावं. बँकेतली नोकरी सोडून मला महिनाही झाला नव्हता आणि ग्रुप पाठवणारी ती एकच कंपनी होती.

"फोटोपुरतं?" आक्का म्हणाली. "मग देवीला काय सांगू? फोटोपुरतं मोडलं म्हणून?"

"आक्का, लोक लई लांबनं आल्यात गं."

"लांबनं आलेलं माणूस आदी बसतंय. बसू देत की."

आणि तिने त्यांना खरंच बसवलं. दारातल्या कट्ट्यावर, गल्लीतल्या बायकांमध्ये.

एक बाई भयंकर चिडल्या होत्या. "आम्ही काहीतरी बघायला आलोय. इथे तर काहीच चाललेलं नाही!"

"आज काय चालतच न्हाय," आक्का म्हणाली. "तेच बगायचं."

मग बायकांनी उलट त्या बाईंनाच बघायला सुरुवात केली. माहेर कुठलं? घरी कोण कोण? सासू असते जवळ? एवढे केस कापले ते नवऱ्याला चाललं व्हय? बाई आधी आखडून बसल्या, मग हसल्या. संध्याकाळी त्या आपल्या आजारी आईबद्दल सांगत होत्या आणि आक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. गाडी सुटायची वेळ झाली तरी बाई उठेनात.

कंपनी मात्र तापली. पुढचे सगळे ग्रुप बंद. मी आक्कापुढे बसून रडले.

ती म्हणाली, "रडून घे. पर त्येंच्यापायी गाव खोटं करू नगंस."

तीन-चार महिने माझे फार वाईट गेले. मग त्याच चिडलेल्या बाई स्वतःहून आल्या, मैत्रिणींना घेऊन. त्यांनी आणखी चौघांना सांगितलं. शेवटी कंपनीचाही फोन आला, कारण लोक नाव घेऊन विचारायला लागले होते: बेळगुंदीच्या त्या आक्का आहेत ना?

आज पहाटे त्या आक्काला देवाने झोपेतच नेलं. दुपारी अग्नी दिला.

आणि उद्या ग्रुप येतोय.

मॅनेजरच्या त्या मेसेजला मी एवढंच उत्तर दिलं: 'आजी अरेंज होत नसते. काय करायचं ते आम्ही गावात ठरवतो.'

मग मी मंगलवहिनीकडे गेले. वहिनी म्हणजे आक्काची सून. म्हटलं, वहिनी, उद्याचं रद्द करते.

वहिनींनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "रद्द नगं. येऊ देत. पर कॅमेरा न्हाय. आन् पावणं म्हणून न्हाय, शेजारी म्हणून."

आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून पिठलं-भाकरी जाते. न सांगता जाते. घरच्यांना घास जात नसतो, तरी शेजारीण समोर बसून दोन घास खायला लावते.

उद्या येणाऱ्या सगळ्यांशी मी आत्ताच फोनवर बोलले. म्हटलं, उद्या जेवण मिळणार नाही, करावं लागेल. समोरच्या घरात भाकऱ्या थापायच्या, पिठलं ढवळायचं, आणि डबा घेऊन आक्काच्या घरी जायचं. द्यायचं, घटकाभर बसायचं, उठायचं. कोणी काही समजावून सांगणार नाही. ज्यांना हे नको असेल त्यांना मी शहर दाखवीन, राग नाही.

दोघांनी शहर म्हटलं. बाकीचे येतायत. एकजण म्हणाले, भाकरी थापता येत नाही, पण लाकडं आणून देईन.

चालेल. शेजारी असेच असतात.

बेळगुंदीच्या आमच्या आक्काला गावाची आणि गावाबाहेरच्या तिच्या सगळ्या माणसांची मनापासून श्रद्धांजली.

जा आक्का. घरच्यांच्या जेवणाचं आम्ही बघतो.